चामडेकाम शिकवण्याचा गटसंच : बारा मुलांच्या हातातला अनुभव

मुलांच्या आणि युवकांच्या गटांना चामडेकाम शिकवण्यासाठी जे तयार संच मिळतात, त्यांपैकी बारा जणांसाठी बनवलेल्या एका संचाचे हे परीक्षण आहे. या रचनेचे संच अनेक उत्पादक बनवतात आणि त्यांच्यातला फरक बहुधा वेष्टनापुरता असतो, म्हणून उत्पादकाचे नाव न देता पेटीत काय आहे, ते मुलांच्या हातात कसे वागते आणि शिकवणाऱ्याला त्याचा कितपत आधार होतो, एवढ्यावरच लक्ष दिले आहे. निष्कर्ष आधीच नोंदवणे बरे: या पेटीतले चामडे फार चांगले आहे, ठसे चांगले आहेत, वेणीची पट्टी उत्कृष्ट आहे, शिवणकामाचा भाग मात्र मुलांच्या हातचे काम काढून घेणारा आहे आणि रंगाच्या बाटल्या मुलांच्या गटात उघडूच नयेत अशा आहेत. परीक्षण करताना कसोटी एकच ठेवली. तयार झालेली वस्तू हातात घेऊन मुलाला त्यातले कोणते काम आणि कोणता निर्णय आपला होता, हे सांगता येते का? गटासाठी बनवलेले पुष्कळ संच येथेच उणे पडतात, कारण वस्तू सर्वांची सारखी आणि वेळेत पूर्ण व्हावी म्हणून त्यांत चामडे आधीच कापलेले, भोके आधीच पाडलेली आणि नक्षी आधीच उमटवलेली असते. मुलाच्या वाट्याला जोडणी तेवढी उरते.

सुरुवात चामड्यापासूनच करायला हवी. या पेटीत वनस्पतिजन्य पद्धतीने, म्हणजे झाडांच्या सालीतील टॅनिन वापरून कमावलेले चामडे दिले आहे, आणि ही एकच गोष्ट संचाचे निम्मे मोल ठरवते. आज जगात तयार होणारे बहुतांश चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते; ते मऊ असते, पाण्याला चांगले टिकते, पिशव्या, जोडे आणि कपड्यांसाठी उपयोगी पडते, पण त्यावर ठसा उमटवायला गेले की ते दबून पुन्हा वर येते आणि खूण पुसट होते. वनस्पतिजन्य कमावणीचे चामडे ओलसर असताना दाबले तर दाब धरून ठेवते आणि वाळल्यावर ती खूण कायम राहते. स्वस्त संचांत रंगीत, चकचकीत क्रोम चामड्याचे तुकडे आणि सोबत ठसे अशी विसंगत जोडी सर्रास आढळते. मूल पूर्ण जोर लावून ठोकते, काहीच उमटत नाही, आणि दोष आपल्या हातात आहे असे समजून ते मागे सरते. नव्या कामाच्या पहिल्याच तासाला मुलाची अशी समजूत होणे मला अतिशय वाईट वाटते, म्हणून कोणताही संच घेण्यापूर्वी चामडे कोणत्या पद्धतीने कमावलेले आहे हा प्रश्न विचारावा आणि उत्तर स्पष्ट मिळाले नाही तर तो संच घेऊ नये.

जाडीचा विचारही येथे नीट झालेला आहे. चामड्याची जाडी अनेक ठिकाणी औंसात सांगतात आणि एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर. या पेटीत ठशांच्या कामासाठी तीन ते साडेतीन मिलिमीटरचे, म्हणजे आठ-नऊ औंसांचे तुकडे आहेत आणि लहान बटव्यासाठी दीड ते दोन मिलिमीटरचे. जाड चामड्यात ठसा खोल बसतो आणि लहान मुलाचा कमी-अधिक जोर ते सहज सामावून घेते. पातळ चामड्यावर तोच घाव आरपार खूण काढतो किंवा तुकडा ताणून वाकडा करतो. कातड्याचा कोणता भाग वापरला आहे हेही मी पाहिले. पाठीकडचे चामडे घट्ट आणि एकसारखे असते, पोटाकडचे सैल आणि ताणले जाणारे. किल्लीच्या पट्ट्या आणि चकत्या पोटाच्या भागातून कापलेल्या असल्या तर चालते, पण मनगटपट्टीला ते चालत नाही, कारण काही दिवसांच्या वापरात ती लांबते. या संचातल्या मनगटपट्ट्या घट्ट भागातल्या निघाल्या. बाराही तुकडे रंगाने मात्र एकसारखे नव्हते. काहींवर कीटकदंशाच्या किंवा ओरखड्याच्या जुन्या खुणा होत्या. मी ते उणे मानत नाही. ‘हे काय आहे?’ असे एका मुलाने विचारले की चामडे ही कधीकाळी जिवंत त्वचा होती, हे सांगण्याची वेळ आपोआप येते.

संचातल्या माहितीपुस्तिकेची सर्वांत मोठी उणीव चामडे भिजवण्याविषयीच्या मजकुरात आहे. ‘स्पंजाने ओले करून ठसा मारावा’ एवढे एकच वाक्य तिथे आहे आणि ते अपुरे आहे. चामडे ओले केल्यावर त्याला मुरू द्यावे लागते. पाणी लावताच ते गडद होते. मग ओल आत उतरत जाते, वरचा भाग हळूहळू मूळ रंगाकडे येऊ लागतो, पण गालाला लावून पाहिले तर स्पर्श अजून थंड लागतो. ही ठसा मारण्याची वेळ. त्याआधी मारला तर खूण गिचमिड होते आणि तिच्या कडा पुन्हा मिटतात. उशीर झाला तर ती उथळ आणि फिकट येते. बारा मुलांना एकाच वेळी ओले चामडे देऊन पुढची पाच मिनिटे त्यांनी नुसते त्याकडे पाहत थांबावे अशी अपेक्षा ठेवली तर गोंधळ होणारच. म्हणून तुकडे आदल्या संध्याकाळी ओले करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवावेत; सकाळी ते आतपर्यंत सारखे मुरलेले मिळतात आणि बराच वेळ कामाच्या स्थितीत राहतात. मात्र पिशवीत ते दिवसचे दिवस विसरू नयेत, उबदार हवेत त्यांवर बुरशी चढते. वयाने मोठ्या मुलांच्या बाबतीत मी याच्या उलट सुचवेन. त्यांना कोरडा तुकडा द्यावा, पाणी त्यांनीच लावावे आणि रंग पालटण्याची वाट त्यांनीच पाहावी, कारण चामड्याकडे पाहून त्याची स्थिती ओळखणे हाच या कलेचा गाभा आहे.

भिजवण्याच्या आणखी दोन बाबी पुस्तिकेत हव्या होत्या. तुकडा सगळाच्या सगळा ओला करायचा असतो; ठशापुरताच भाग भिजवला तर वाळताना त्याभोवती पाण्याच्या डागाची कड उरते. आणि ओल्या वनस्पतिजन्य चामड्याला लोखंडाचा स्पर्श झाला की टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने निळसर काळे डाग पडतात. गंजका खिळा, साधी पोलादी पट्टी, किल्ल्यांचा जुडगा यांपैकी काहीही पुरे होते. हे डाग लिंबाच्या रसाने फिके करता येतात, पण त्याहून बरे हे की टेबलावर लोखंडी वस्तूच असू नयेत. बोटांची नखे ओल्या चामड्यावर चंद्रकोरीसारख्या खुणा उमटवतात, हेही मुलांना आधी सांगितलेले बरे. एकदा दाखवले की ती स्वतःच तुकडा कडांनी धरू लागतात.

ठशांविषयी मला समाधान आहे. अक्षरांचा एक संच, फुलापानांचे आणि प्राण्यांचे काही मोठे ठसे आणि भौमितिक आकारांचे काही लहान ठसे असे यात येते, आणि त्यांतले लहान भौमितिक ठसेच सर्वाधिक उपयोगाचे ठरतात. प्राण्याचा तयार ठसा मारला की चित्र उत्पादकाचे असते; अर्धवर्तुळ, ठिपका आणि त्रिकोण यांची ओळ मांडायची म्हटले की अंतर किती, दिशा कोणती, काठापासून किती आत, असे सगळे प्रश्न मुलासमोर उभे राहतात आणि त्यांची उत्तरे त्याचे तोच देते. हे ठसे अधिक संख्येने द्यायला हवे होते, कारण एकाच ठशासाठी तीन-चार मुले रांगेत थांबतात आणि तेवढ्यात चामडे वाळते. अक्षरांच्या ठशांवर अक्षर उलटे कोरलेले असते. वरची बाजू कोणती हे दांड्यावरच्या खुणेवरून कळायला हवे, पण या संचात अशी खूण नाही. तेलरंगाचा एक बारीक ठिपका प्रत्येक दांड्यावर वरच्या बाजूला लावून ठेवला की ही अडचण उरत नाही.

ठोकण्यासाठी लाकडी मोगऱ्या दिल्या आहेत, लोखंडी हातोडे नाहीत, आणि हे योग्यच आहे, कारण लोखंडी हातोड्याने ठशाचे डोके पसरते आणि घाव उसळून खूण दुहेरी उमटते. मोगऱ्या मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी जड आहेत. तशा मोगरीने मूल दोन्ही हातांनी ठोकायला जाते, ठसा धरायला हात उरत नाही, आणि मग शेजारचे मूल तो धरते, जे कधीही होऊ देऊ नये. लहानांसाठी हलक्या मोगऱ्या वेगळ्या घ्याव्यात. ठसे मारताना तुकड्याखाली गुळगुळीत दगडी फरशी असली की खूण स्वच्छ येते. भोके पाडताना मात्र फरशी काढून जाड रबराचा किंवा प्लॅस्टिकचा पाट ठेवावा लागतो, नाहीतर पंचाची धार पहिल्याच घावाला जाते. पेटीत पाट आहे, फरशी नाही. तिची सोय आयोजकांनी करावी. बारा मोगऱ्यांचा एकत्रित आवाज बंद खोलीत खरोखर त्रासदायक होतो; टेबलाच्या मधोमध न ठोकता पायांच्या वर ठोकले, फरशीखाली रबराचा तुकडा ठेवला आणि शक्य असेल तेथे काम उघड्यावर जमिनीवर बसून केले, तर तो बराच कमी होतो. आवाजाने अस्वस्थ होणारी मुले गटात असतील तर कानांवर लावायची संरक्षक साधने आधीच जवळ ठेवावीत.

आता शिवणकाम. बटव्याच्या तुकड्यांना भोके आधीच पाडलेली आहेत आणि सोबत प्लॅस्टिकची रंगीत वादी, म्हणजे भोकांतून ओवायची अरुंद पट्टी, दिली आहे. पुस्तिका थेट कडेवरून गुंडाळत जाणाऱ्या टाक्याकडे नेते आणि तिथेच थांबते. टाक्यांना काठिण्याचा एक स्वाभाविक क्रम असतो आणि तो वगळल्याने मुलांचे नुकसान होते. ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रोजच्या कामांच्या आधारे उपचार करण्याच्या, क्षेत्रात रुग्णाची आकलनक्षमता पारखण्यासाठी क्लॉडिया ॲलन यांच्या नावाने ओळखली जाणारी एक चाचणी वापरतात; तिच्यात चामड्याच्या तुकड्यावर आधी धावदोरा, मग कडेवरून गुंडाळणारा टाका आणि शेवटी कॉर्डोव्हन टाका घालायला सांगतात. धावदोऱ्यात आत-बाहेर एवढेच ध्यानात ठेवायचे असते, दुसऱ्या टाक्यात दिशा सांभाळावी लागते आणि वादीला पीळ पडू द्यायचा नसतो, तर तिसऱ्यात तयार झालेल्या फासातून वादी पुन्हा ओवून घ्यावी लागते, म्हणजे मागच्या कृतीची आठवण ठेवून पुढची करावी लागते. शिकवतानाही हीच चढण कामी येते. मी प्रत्येक मुलाला आधी फालतू तुकड्यावर धावदोरा घालायला देतो, आणि ज्याला तो जमला त्यालाच पुढचा टाका दाखवतो. वादी काठाच्या लांबीच्या साधारण साडेतीन पट कापावी. पुस्तिकेत हे प्रमाण नसल्यामुळे पहिल्या बटव्याला वादी कमी पडते आणि मध्येच जोड द्यावा लागतो.

बारा वर्षांपुढच्या युवकांना तयार भोके असलेला तुकडा दिला की त्यांचा रस लवकर ओसरतो. त्यांना आरी, दाभणे आणि मेण लावलेला दोरा द्यावा, भोकांची ओळ स्वतः आखून पाडायला लावावी आणि दोन सुयांचा खोगीरटाका शिकवावा. या टाक्यात एकाच दोऱ्याची दोन टोके दोन्ही बाजूंनी प्रत्येक भोकातून जातात, म्हणून एका ठिकाणी दोरा झिजून तुटला तरी दुसरी बाजू शिवण धरून ठेवते. शिलाई यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की शिवण उसवू लागते. यंत्र असताना हाताने का शिवायचे, या युवकांच्या नेहमीच्या प्रश्नाला हे खरे उत्तर आहे, आणि स्वतः शिवलेल्या पट्ट्यातला एक टाका मुद्दाम कापून ओढून पाहिल्यावर ते पटते. दोरा शिवणीच्या साधारण चौपट लागतो. या संचात हे काहीही नाही, त्यामुळे युवकांसाठी तो अपुरा आहे असेच म्हणावे लागेल.

कापण्याच्या हत्यारांबाबत उत्पादकाने सावधगिरी घेतली आहे: रापी दिलेली नाही, नक्षीच्या रेघा कोरण्याचा फिरत्या पकडीचा चाकूही दिलेला नाही. मोठ्या मिश्र वयोगटासाठी मला हा निर्णय मान्य आहे. पण अकरा-बारा वर्षांपुढच्या आणि संख्येने लहान अशा गटात मी रापी शिकवावी असेच म्हणेन, आणि ती धारदार असावी, कारण बोथट पात्याला जोर द्यावा लागतो, जोर दिला की पाते घसरते आणि इजा तिथेच होते. न कापणारा हात पात्याच्या वाटेत कधीही नसावा, एका वेळी एकाच मुलाने एकाच टेबलावर कापावे आणि शिकवणाऱ्याने त्या टेबलापासून हलू नये, एवढे नियम पाळले तर ते काम शांतपणे होते.

पेटीतली सर्वांत आनंदाची वस्तू म्हणजे वेणीची पट्टी. चामड्याच्या पट्टीत दोन लांब चिरा असतात, दोन्ही टोके मात्र अखंड असतात. टोके जोडलेली असताना तीन पदरांची वेणी घालता येईल यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. पण पदर एकमेकांवर टाकताना खालचे टोक ठरावीक वेळी चिरेतून आरपार काढले की पीळ सुटतो आणि सहा अदलाबदलींनंतर वेणीची एक फेरी पुरी होते. ना हत्यार, ना आवाज, ना पाणी, आणि तरीही पूर्ण लक्ष मागणारे काम. पट्टी थोडी ओलसर केली तर पदर घट्ट बसतात. हीच युक्ती वापरून स्काउट-गाइडच्या गळपट्ट्याची वॉगल, म्हणजे गळपट्टा अडकवायचे कडे, हीही करता येते, त्यामुळे अशा पथकांना या संचाचा हा भाग विशेष उपयोगी आहे. ज्याला जमले तो लगेच शेजाऱ्याला शिकवू लागतो, आणि शिकवणाऱ्याला पंचाच्या टेबलाकडे लक्ष द्यायला मोकळीक मिळते. बारा जणांत एकच प्रौढ असेल तर तिघे ठशांवर, तिघे पंचावर आणि उरलेले वेणीवर अशी विभागणी या पेटीमुळे शक्य होते, आणि माझ्या दृष्टीने गटसंचाचा सर्वांत मोठा गुण हाच.

रंगांबाबत माझा आक्षेप कडक आहे. पेटीत स्पिरिटचे रंग दिले आहेत. ते चामड्यात खोल शिरतात आणि कारागिरासाठी चांगले असतात, पण त्यांना उग्र वास असतो, ते चटकन पेट घेतात, आणि हातांवरून, कपड्यांवरून व टेबलावरून निघत नाहीत. हातमोजे सोबत आहेत खरे, पण ते प्रौढांच्या मापाचे. मुलांच्या गटासाठी पाण्यात मिसळणारे रंग घ्यावेत. ते थोडे कमी खोल जातात, एवढेच. लावण्यापूर्वी चामडे पुरते वाळलेले असावे आणि रंग कापडाच्या बोळ्याने गोल फिरवत लावावा, म्हणजे पट्टे दिसत नाहीत. चिकटवण्यासाठीही द्रावकावर आधारित गोंदाऐवजी पाण्यावर आधारित गोंद घ्यावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

टिचबटणे आणि रिव्हेट ठीक आहेत. ती ठोकण्याची साधने पितळेची असून नीट बसतात. मनगटपट्टीची बटणे निकेलचा मुलामा दिलेली आहेत, आणि निकेलने काहींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून तेवढी पितळी घ्यावीत.

पुस्तिकेत डाव्या हाताने काम करणाऱ्या मुलाचा विचार नाही. टाक्यांची सर्व चित्रे उजवीकडून डावीकडे जातात. अशा मुलाच्या समोर बसून दाखवावे, म्हणजे त्याला आरशातल्यासारखी कृती दिसते. त्याहून मोठी उणीव ही की चामडे कोठून येते याविषयी त्यात एक ओळही नाही. हा प्रश्न युवक हमखास विचारतात आणि त्याला सरळ उत्तर मिळायला हवे: गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांचे कातडे बहुतांशी मांस आणि दूध व्यवसायातून मागे उरते, ते मिठाने टिकवतात, चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढतात आणि मग आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत टॅनिनच्या द्रावणात कमावतात. हे ऐकून एखाद्या मुलाला चामड्याला हात लावावासा वाटला नाही तर त्याला वाद घालून राजी करू नये. बुचाच्या सालीपासून (कॉर्कपासून) बनवलेले कापड किंवा जाड फेल्ट दिले तर शिवणकाम आणि पंचाचे काम त्याला तसेच शिकता येते, फक्त ठसे त्यावर उमटत नाहीत.

एकंदरीत, सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी हा संच मी निःशंकपणे सुचवेन. सोबत पाण्याचे रंग, हलक्या मोगऱ्या, एक दगडी फरशी आणि लहान ठशांची आणखी एक जोडी घ्यावी. युवकांच्या गटासाठी संच न घेता वनस्पतिजन्य कमावणीचा एक मोठा तुकडा, चांगल्या आऱ्या, दाभणे, दोरा आणि दोन धारदार रापी सुट्या घेणे अधिक योग्य ठरेल. संच संपल्यावर उत्पादक तयार कापलेल्या तुकड्यांचा भरणा वेगळा विकतो, पण तो घेण्याची गरज नाही; चामडे विकणाऱ्यांकडे पाठीच्या भागाची उरलेली कापे वजनावर मिळतात, त्यांतून चकत्या आणि पट्ट्या कापता येतात, आणि पेटीतले ठसे, पंच व पाट पुढच्या कितीतरी गटांना पुरतात.